पांढऱ्या रेघेवरची बस

तासगावात परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "नाशकात काय काय बघितलं?" काळाराम मंदिर, गोदाघाटावरची आरती, त्र्यंबकेश्वर असं काहीतरी त्याला ऐकायचं असतं. मी म्हणतो, "एक बस बघितली." मग समोरचा माणूस माझ्याकडे जरा काळजीनं बघतो. तीस वर्षं एसटीत घालवलेला माणूस निवृत्त झाल्यावर इतक्या लांब जातो आणि परत बसच बघून येतो, म्हणजे याचं काहीतरी बिनसलंय. तर काय झालं ते एकदाच सगळं लिहून काढतो.

निमित्त झालं वैशालीच्या फोनचं. नोकरीची शेवटची काही वर्षं मी नव्या ड्रायव्हरांना शिकवायचं काम केलं. त्यात मुलींची पहिली तुकडी आली तेव्हा सटाण्याकडची ही मुलगी माझ्या हाताखाली होती. बोलायला कमी, पण घाटात गिअर बदलताना हात कधी थरथरला नाही. पुढे ती नाशकातल्या एका खासगी कंपनीत गेल्याचं कानावर आलं होतं. फेब्रुवारीत तिचा फोन आला.

"सर, चार दिवस इकडं याल का?"

"का गं? बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. पण मी जी बस चालवते, ती मीच चालवते का, हेच मला कळेनासं झालंय. तुम्ही एकदा बघा."

मला संशय यायला फार कारण लागत नाही. डेपोत आयुष्य गेलं की 'सगळं बरं आहे' असं कुणी म्हटल्यावर माणूस आधी टायर बघतो. मला वाटलं, कंपनीला कुणीतरी जुना एसटीवाला फोटोत उभा करायला हवा असणार आणि पोरीला पुढं केलं असणार. तरी गेलो. जाताना परतीचं तिकीट मात्र आधीच काढून ठेवलं.

मंगळवार, द्वारका ते दिंडोरी रस्ता

वैशाली स्कूटर घेऊन द्वारकेच्या चौकात उभी होती. या चौकाबद्दल एवढंच सांगतो की आमच्या सांगलीत वाहतूक अडते तेव्हा लोक हॉर्न वाजवतात, इथं लोक इंजिन बंद करून गप्पा मारायला लागतात. म्हणजे सवयच झालेली. अर्ध्या तासात आम्ही जेमतेम पुलाखालून बाहेर पडलो.

"इथं ट्राम आणा म्हणतात लोक," वैशाली मागे वळून म्हणाली. "कुठून नेणार? रूळ टाकायचे म्हणजे सगळा रस्ता उकरायचा. म्हणून मग आमची बस."

म्हसरूळच्या पुढं शहर विरळ होतं आणि दिंडोरीकडे जाताना द्राक्षबागा लागतात. मी द्राक्षाच्याच गावचा, त्यामुळे डोळे आपोआप बागेत शिरले. आमच्याकडं माल बहुतेक बेदाण्याला जातो, इथं खायच्या द्राक्षाचा थाट. एकेका घडाला कागद गुंडाळलेला, जणू लग्नातलं आहेराचं सामान. तोडणी जोरात होती. बागेतून पिकअप आणि ट्रॅक्टर निघत होते आणि रस्त्यावर येताना चाकांना चिकटलेली माती तिथंच सोडून जात होते.

एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात कंपनीची शेड होती. तिथून निघून बाहेरच्या जोडरस्त्यावरून एक मोठी फेरी मारून बस परत शेडमध्ये यायची. मधे तीन फलाट उभारले होते. चाचणीसाठी हा रस्ता कंपनीला काही महिन्यांसाठी मिळाला होता.

बस दिसायला देखणी होती हे कबूल करायला हवं. दोन डबे मधे रबरी पडद्यानं जोडलेले, काचा मोठ्या, चाकं झाकलेली. लांबून बघितली तर ट्रामच वाटावी. खाली मात्र साधे रबरी टायर आणि साधा डांबरी रस्ता. रस्त्यावर पांढऱ्या रंगाच्या दोन तुटक रेघा ओढलेल्या. बसच्या कपाळावरचा कॅमेरा त्या रेघा वाचतो आणि स्टिअरिंग आपोआप फिरतं. ड्रायव्हरनं फक्त वेग आणि ब्रेक सांभाळायचा.

हे मला निखिलनं समजावलं. निखिल तिथला मुख्य इंजिनिअर. तिशीतला, चष्मा, बोलणं गोड आणि घाईचं.

"काका, ट्रामचे रूळ म्हणजे काय? रस्ता खोदा, पाण्याच्या लाइनी हलवा, गटारं हलवा, वर विजेच्या तारा ओढा. वर्षानुवर्षं जातात. आम्ही रंगाचा डबा घेतो आणि रूळ ओढतो. एवढ्यात ट्रामचं सगळं सुख."

"पाऊस पडल्यावर?" मी विचारलं.

"रेघ दिसते."

"चिखल झाल्यावर?"

"त्यावर काम चालू आहे."

"आणि रोज चाक बरोब्बर एकाच जागी पडणार. रस्ता दबणार नाही?"

तो हसला. "तुम्ही फार खोलात जाता, काका. आधी बसून तर बघा."

बसून बघितलं. ड्रायव्हरच्या मागचं बाकडं मी मुद्दाम धरलं. वैशालीनं बस काढली, हात मांडीवर ठेवले आणि तिच्या पुढचं स्टिअरिंगचं चाक एकटंच फिरू लागलं. तीस वर्षांत असं दृश्य कधी बघितलं नव्हतं.  पहिल्या फलाटाला बस अशी लागली की मधली फट जेमतेम दोन बोटं. निखिलनं एक रिकामी व्हीलचेअर ढकलत आत आणली, चाक कुठं अडलं नाही. आमच्या एसटीच्या त्या तीन पायऱ्या मला आठवल्या. हात धरून, खांदा देऊन किती म्हाताऱ्यांना वर घेतलं असेल! बस चांगली होती. आणि ती चांगली निघाली याचाच मला त्रास व्हायला लागला.

शेवटच्या फलाटाआधी एक वळण आहे. बागेतली कच्ची वाट तिथं रस्त्याला येऊन मिळते. पलीकडं एक मिसळीचं हॉटेल. त्या वळणावर वैशालीचा उजवा खांदा हलला. हात मला दिसत नव्हते. पण शिकाऊ ड्रायव्हरांच्या मागं बसून मी इतकी वर्षं खांदेच बघितलेत. खांदा असा हलतो तेव्हा हात चाकावर असतो.

निखिल पलीकडून म्हणत होता, "बघितलंत काका? एकदाही हात नाही."

मी अजून तिच्या खांद्याकडंच बघत होतो.

संध्याकाळी वैशालीच्या घरी जेवलो. घरात ती आणि तिची आई. नवरा पुण्याला नोकरीला, महिन्यातून एकदा येतो. आईनं कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा केला होता. आमच्याकडं तिखट तांबडं असतं आणि आधी डोळ्यांना सांगून येतं. हा ठेचा दिसायला गरीब होता. पहिल्या घासाला मला उचकी लागली तशी आई पाण्याचा तांब्या घेऊन उभीच राहिली.

जेवण झाल्यावर मी म्हटलं, "वैशाली, शेवटच्या वळणावर तू हात लावलास."

ती ताटं उचलत होती, तशीच थांबली.

"लावला. रोज लावते."

मग तिनं सांगितलं. बागेतल्या गाड्यांच्या मातीनं त्या वळणावर रेघ पुसट होते. बस रेघ शोधायला लागते आणि तिचं तोंड फलाटाकडं वळतं. फार नाही, वीतभर. पण फलाटाच्या कडेला माणूस उभा असला तर वीतभर पुष्कळ झालं. अशा वेळी लाल बटण दाबायचं असा नियम होता. बटण दाबलं की बस पूर्ण ड्रायव्हरच्या ताब्यात येते, घंटा वाजते आणि मशीनमध्ये तशी नोंद होते. तिनं सुरुवातीला दोन-तीनदा दाबलं. मग निखिल तिला म्हणाला, ताई, बटण नका दाबू. नुसता हलका हात लावा. हलक्या हाताची मशीन नोंद घेत नाही.

"आणि आता कागद आलाय," ती म्हणाली. "गुरुवारी महापालिकेनं नेमलेली समिती येणार. त्याच्या आधी मी सही करायची की एकाही फेरीत स्टिअरिंगला हात लावला नाही."

"मग माझ्याकडून काय हवंय तुला?"

"काय करू ते सांगा."

खरं सांगतो, त्या क्षणी मला तिचाही संशय आला. इतके दिवस हात लावत होती तेव्हा गप्प होती, आता सहीची वेळ आल्यावर मला बोलावलं. उद्या काही झालं तर 'सरांनीच सांगितलं होतं' म्हणायला बरं. माझ्या तोंडावर ते दिसलं असावं, कारण कोपऱ्यात बसलेली आई एकदम म्हणाली, "भाऊ, मनी पोर खोटी नै शे."

माझी पोर खोटी नाही, असं ती तिच्या अहिराणीत म्हणाली. मी मान खाली घातली.

बुधवार, मिसळ आणि सळई

सकाळी वैशालीबरोबर शेडवर गेलो नाही. उठलो आणि चालत त्या वळणावर गेलो. हॉटेलचे मालक बाळूनाना. डोक्याला टोपी, अंगात स्वेटर. चूल पेटलेली होती. मिसळ मागवली तर बरोबर पाव आला, पापड आला, दही आलं, वर एक जिलबी. कोल्हापूरकडची मिसळ म्हणजे कट आणि ब्रेडचे स्लाइस, संपला विषय. इथं मिसळ खायची म्हणजे पंगतीला बसल्यासारखं. चव चांगली होती, पण इतकं सगळं देतात म्हणजे रश्श्यात काहीतरी कमी असणार, असं मी शेवटच्या घासापर्यंत म्हणत राहिलो.

"नाना, या बसचं तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय?" नाना म्हणाले. "रेघ मारून गेले. आता म्हणत्यात रेघंवर गाडी लावू नका, रेघंवर पाणी टाकू नका. रस्ता आमचा हाय का त्यांच्या रेघंचा, तेच कळत नाय. पण बस थांबंल तर गिऱ्हाईक वाढंल, आता खोटं कशाला बोलू?"

त्यांच्याकडून शटर ओढायची लोखंडी सळई मागून घेतली आणि रस्त्यावर गेलो. एका गड्यानं तेव्हाच वळण झाडून काढलं होतं आणि रेघेवर ताजा पांढरा रंग चढवला होता. उद्याची तयारी. सळई मी रस्त्यावर आडवी ठेवली आणि वाकून बघितलं. जिथून बसची चाकं जातात तिथं सळईखाली माझं बोट पहिल्या पेरापर्यंत गेलं. दुसऱ्या बाजूलाही तेच. बैलगाडीच्या रस्त्यावर पडतात तशा चाकोऱ्या नव्या डांबरात पडल्या होत्या. साध्या बसचा ड्रायव्हर कधी इकडून जातो, कधी तिकडून. ही बस रोज त्याच इंचावरून जाते. डांबर बसणारच. आणि त्या खोलगट भागात माती साचते, म्हणून रेघ जाते.

"काका, रस्ता मोजताय?"

निखिल मोटरसायकलवरून उतरत होता.

"मोजत नाही. बघतोय."

तो माझ्याशेजारी उकिडवा बसला. मला वाटलं आता गोड बोलेल. पण त्यानं त्या चाकोरीत बोट घालून बघितलं.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "इथं काँक्रीट करायला हवं. पण काँक्रीट म्हटलं की खर्च वाढतो. खर्च वाढला की लोक म्हणणार, मग ट्रामच आणा ना. ट्राम म्हटलं की पैसे नाहीत. मग परत सगळे रिक्षात. माझी बहीण सातपूरहून रोज दोन रिक्षा बदलून नाशिकरोडला जाते, काका. दाटीवाटीत मांडीवर दुसऱ्याचं पोर घेऊन. ही बस नाही आली तर तिच्यासाठी दुसरं काहीही येणार नाही."

हे मला अपेक्षित नव्हतं. लबाड माणसाशी बोलायची माझी तयारी होती. हा अर्धा खरा निघाला, आणि अर्ध्या खऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं ते मला सुचेना. म्हणून मी भलतंच बोलून बसलो.

"मग हे समितीला सांगा. त्या पोरीकडून कशाला सही घेता?"

निखिल उभा राहिला. चेहरा एकदम बदलला.

"वैशालीताईंनी सांगितलं तुम्हाला?"

माझ्या हातात सळई तशीच राहिली. बोललेला शब्द परत घेता येत नव्हता. तो मोटरसायकल सुरू करून गेला.

दुपार मी गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात काढली, नुसतं मन रमवायला. तिथं एका बाईनं 'नाशिकचे खास बेदाणे' म्हणून हातावर चार दाणे ठेवले. तोंडात टाकले आणि मी तिच्याकडं बघितलं. "मावशी, हा माल कुठला?" "नाशिकचाच की." "मी तासगावचा आहे." ती हसायला लागली. "मग वळखलाच असंल बाबा, तुमच्याकडूनच आलाय." एरवी मी हा किस्सा आठवडाभर रंगवून सांगितला असता. त्या दिवशी हसूसुद्धा आलं नाही.

संध्याकाळी वैशाली घरी आली ती चप्पलसुद्धा न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

"सर, तुम्ही निखिलसरांना विचारलंत?"

"माझ्या तोंडातून गेलं."

"तोंडातून गेलं! मी तुम्हाला विश्वासानं सांगितलं होतं. उद्या सकाळी बस निघायच्या आत सही पाहिजे म्हणाले. नाहीतर दुसरा ड्रायव्हर बसेल. त्यांनी माणूस बघूनही ठेवलाय."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, आणि तेच जास्त लागलं.

मी वैशालीला खाली बसायला सांगितलं. ती बसली नाही. मग उभ्या उभ्याच मी तिला एक गोष्ट सांगितली, जी मी घरीही कधी सांगितलेली नाही. मी नवा होतो तेव्हा एका डेपोत सकाळी गाडी काढायच्या आधी ब्रेक तपासल्याची सही करावी लागायची. गाड्या कमी, माणसं ताटकळलेली, वरचा माणूस घाई करत होता. मी ब्रेक न बघता सही केली. गाडी गेली, रात्री सुखरूप परत आली. काहीच झालं नाही.

"मग?" वैशाली म्हणाली.

"मग काही नाही. दुसऱ्या दिवशी सही करणं सोपं गेलं. तिसऱ्या दिवशी आणखी सोपं. बदली होईपर्यंत तसंच चाललं. किती गाड्या मी न बघता सोडल्या ते मला सांगता येणार नाही. कुणाला काही झालं नाही, हे माझं नशीब. त्यात माझं कर्तृत्व काही नाही."

ती ऐकून आत गेली. सही कर किंवा नको, असं मी म्हटलं नाही, आणि तिनंही पुन्हा विचारलं नाही.

गुरुवार, वळण

सकाळी ती कागदाची घडी गणवेशाच्या खिशात घालून निघाली. सही केली होती की नाही, मला दिसलं नाही. मला वाटलं, केली असणार. मी तिच्या जागी असतो तर केली असती, आणि हे मी अनुभवानं सांगतोय.

शेडच्या फाटकावर निखिलनं मला अडवलं. "आज फक्त निमंत्रित, काका." आवाज थंड. मी मुकाट्यानं वळणावर बाळूनानांच्या हॉटेलात जाऊन बसलो.

तिथं फलाटावर आणि खाली रस्त्यावर बायकांची गर्दी. वस्तीतल्या महिला बचत गटाला स्वागताचं काम दिलं होतं. ओवाळायची ताटं तयार होती. आणि रस्त्यावर, फलाटाला लागून, चार-पाच जणींनी पांढऱ्याशुभ्र रांगोळीची लांबलचक वेल काढली होती. वळणाच्या सुरुवातीपासून थेट फलाटाच्या पायथ्यापर्यंत, ठिपक्याठिपक्यांची, तुटक तुटक.

मी ती बघितली आणि चहाचा कप खाली ठेवला. शेजारच्या रंगवलेल्या रेघेवर सकाळपासून दोन ट्रॅक्टर मातीची चाकं घेऊन गेले होते. तिथं माझ्या डोळ्यांना जी रेघ ठळक दिसत होती, ती रांगोळीची होती.

वैशालीला फोन लावला. बंद. गाडीवर असताना ती फोन बंदच ठेवते, तसं मीच शिकवलंय. निखिलनं उचलला नाही. मग मी बायकांकडं धावलो.

"ताई, ही रांगोळी काढून टाका. बसला कळणार नाही."

"बसला काय कळायचंय?" गटाच्या प्रमुख संगीताताई म्हणाल्या. उंच, खणखणीत आवाजाची बाई. "सकाळी सहापासून काढतोय आम्ही. सायबांनीच सांगितलंय, स्वागत जोरात पाहिजे."

"अहो, ती बस पांढऱ्या रेघेवरून चालते!"

"मग चालू द्या की. आमची पण पांढरीच हाय."

हसण्याचा फवारा उडाला. मी हॉटेलातला खराटा उचलला आणि वेलीच्या टोकापासून झाडायला सुरुवात केली. एकच ओरडा झाला. "ओ आजोबा! पाय काढा रांगोळीवरून!" संगीताताईंनी माझ्या हातातला खराटा धरला. एका बाजूनं मी ओढतोय, दुसऱ्या बाजूनं त्या. नाना मधे पडून "पाव्हणं, सोडा, सोडा" म्हणताहेत. अशा अवस्थेत आम्ही असताना बस वळणावर आली.

हळू येत होती. काचेतून वैशाली दिसत होती, दोन्ही हात मांडीवर. मागं समितीची माणसं, त्यांच्यात उभा निखिल. बस वळणात शिरली आणि तिचं तोंड आमच्याकडं वळायला लागलं. एखादं जनावर वास घेत वळावं तसं, अगदी शांतपणे. फलाटाच्या पायथ्याशी ताटं घेतलेल्या सहा-सात बाया उभ्या होत्या. त्यांना वाटलं, बस स्वागताला जवळ येतेय. एकीनं ताट पुढं केलंसुद्धा.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही.

एकदम कर्कश घंटा वाजायला लागली. बसला हिसका बसला आणि ती जागच्या जागी उभी राहिली. ताट आणि बसची काच यांच्यात हातभर अंतर होतं. निरांजन विझलं नव्हतं.

दार उघडलं. घंटा वाजतच होती. समितीच्या अध्यक्षबाई उतरल्या, निवृत्त प्राध्यापिका होत्या, साठीच्या पुढच्या. त्यांनी रस्त्याकडं बघितलं. निखिल त्यांच्यामागून उतरला, ओठ पांढरे पडलेले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

निखिलची नजर रांगोळीवर गेली. "मॅडम, ही रांगोळी. कॅमेऱ्याची फसगत झाली. अशी अनपेक्षित गोष्ट रस्त्यावर असेल तर... एरवी असं कधीच होत नाही."

सगळ्यांचे डोळे बायकांकडं वळले. संगीताताईंचा आवाज खाली आला. मघाशी माझ्याशी खराट्यासाठी झगडणारी ती बाई हात जोडून म्हणाली, "आमची चूक झाली, मॅडम. आम्हाला ठाऊक नव्हतं."

वैशाली ड्रायव्हरच्या जागेवरून उठली आणि दारात आली. घंटा तिनं बंद केली. त्या शांततेत तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं.

"यांची चूक नाही. रांगोळी नसती तरी बस इथं वळते. मी रोज हात लावते म्हणून कळत नाही."

"वैशालीताई..." निखिल म्हणाला.

"रोज लावते, मॅडम. पहिल्या आठवड्यापासून." तिनं खिशातला कागद काढून बाईंच्या हातात दिला. "सकाळी तुम्ही लवकर आलात, म्हणून हा मागायचा राहिला. हात लावला नाही असं यात लिहिलंय. मी सही केलेली नाही."

बाईंनी कागद उभ्यानं वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि निखिलकडं बघितलं. तो चष्मा काढून पुसत राहिला. मला वाटलं होतं तो नाकारेल, पोरीवर ढकलेल. मी वाट बघत होतो त्याची. चष्मा परत घालून तो म्हणाला, "ताई खरं सांगताहेत. हलका हात लावायला मीच सांगितलं होतं."

मग कुणालाच पुढं काय करायचं ते कळेना. समितीतला एक गृहस्थ म्हणाला, गाड्या मागवा, आम्ही या बसमध्ये परत बसणार नाही. 

"मी नेते," वैशाली म्हणाली. "हातानं."

कुणी हललं नाही. शेवटी संगीताताईंनी ताट फलाटावर ठेवलं, पदर खोचला आणि चढल्या. "चला गं," त्या मागं वळून म्हणाल्या, "बाईनं बस थांबवली नसती तर आत्ता दवाखान्यात जायची वेळ होती. तिच्याच हातानं जाऊ." बायका चढल्या. अध्यक्षबाई चढल्या. मीही चढलो, आणि या वेळी मला कुणी निमंत्रण विचारलं नाही. वैशालीनं चाक धरून बस सरळ केली आणि आम्हाला शेडपर्यंत आणून सोडलं.

शुक्रवार, परत

माझी गाडी दुपारची होती. सकाळी वैशालीला ऑफिसात बोलावणं आलं. मी बाहेर एका बाकड्यावर बसलो. माझा हिशेब सरळ होता: राजीनामा लिहून घेणार. एक तास झाला, दीड झाला. 

ती बाहेर आली तेव्हा बोटांना शाई लागलेली होती.

"काढलं?" मी विचारलं.

"नाही. लिहून घेतलं. पहिल्या फेरीपासून कुठं कुठं हात लावला, का लावला, सगळं. समितीनं मागवलंय."

"सांभाळून गं. तेच उद्या तुझ्यावर उलटवतील. म्हणतील, हिनंच नियम मोडला, बटण दाबलं नाही."

"म्हणतील," ती म्हणाली. "आणि ते खरंच आहे, सर. मी नव्हतं दाबलं. तेही लिहिलं."

 निघताना आईनं ठेच्याची बरणी पिशवीत घातली आणि म्हणाली, "जपून जा भाऊ." माझ्याकडं बघून म्हणाली.

पुढचं फोनवरून कळलं ते असं. वैशालीला तीन आठवडे घरी बसवलं. चाचणी थांबली. वर्तमानपत्रात ट्रामवाल्यांनी लिहिलं की बघा, स्वस्त वस्तू शेवटी स्वस्तच. बसवाल्यांनी लिहिलं की एका रांगोळीवरून एवढं रान उठवायला नको. मग समितीनं सांगितलं की वळणाचा तुकडा काँक्रीटचा करा, बागेची वाट बाजूला वळवा, हलक्या हाताचीही नोंद होईल असं स्टिअरिंग बसवा आणि चाचणी पहिल्यापासून घ्या. खर्च वाढला. ट्रामपेक्षा कमी आहे म्हणतात, पण किती कमी ते दोन जणांना विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. निखिल अजून तिथंच आहे. वैशालीला परत बोलावलं, आणि तिला बोलावण्याचा आग्रह त्याचा होता असं ती सांगते. मला ते पूर्ण पटलेलं नाही.

परवा तिचा फोन आला.

"सर, काल नव्या वळणावरून बस गेली. हात न लावता."

"रेघ ताजी रंगवलेली असणार."

"आठ दिवसांची जुनी. वरून मुद्दाम मातीच्या चाकांचे दोन पिकअप फिरवले होते."

"आणि नोंद?"

"कोरी. मी स्वतः वाचली."

मी आणखी दोन प्रश्न तयार ठेवले होते. पण ती घाईत होती, फेरीची वेळ झाली होती. "ठेवते, सर," म्हणाली आणि फोन बंद झाला.  मग उठून अंगणात गेलो आणि बायकोला सांगितलं, नाशकातली बस वळली म्हणे, आपली आपण. ती म्हणाली, "कोण म्हणालं?"

"वैशाली म्हणाली," मी सांगितलं, "म्हणजे वळली असणार."